नाव घ्या

"तिसऱ्यांदा गं. तोच किस्सा. तिथेच थांबतात, तिथेच हसतात."

"माईकवरची माणसं अशीच असतात. समोर कोण आहे याच्याशी त्यांना काय."

"तसं नाही. सकाळी उपमा खाताना सांगितला, मग जिन्यात गाठून सांगितला, आत्ता परत. आणि दर वेळी आपण पहिल्यांदा ऐकतोय असं हसायचं. गाल दुखायला लागले माझे."

चहाच्या रांगेत रेवतीच्या अगदी मानेशी दोघी बोलत होत्या. किस्सा कुठला आणि सांगणारा कोण, हे तिला विचारावं लागलं नाही. पहिली 'बोटभेट' मिरजेच्या एका मंगल कार्यालयात भरली, खालच्या मजल्यावर लग्न होतं, आणि ॲप करणारी सगळी पोरं चुकून वऱ्हाडाच्या पंगतीला बसून जेवून आली, हा तो किस्सा. सांगणारा तिचा नवरा.

मागच्या दोघींना हे कळायला मार्ग नव्हता. रेवतीची त्यांच्याकडे पाठ होती, आणि कानमंत्राला अजून पाठी ओळखता येत नव्हत्या.

कानमंत्र म्हणजे कानामागे चिकटवायचा, तुरीच्या डाळीएवढा मणी. गळ्यातल्या ओळखपत्रात त्याचा बारीकसा कॅमेरा असतो. समोर माणूस आला की कॅमेरा चेहरा बघतो, मणी आवाज ऐकतो, दोन्ही जुळवतो आणि हाडातून, दुसऱ्या कोणाला ऐकू जाणार नाही असं, कुजबुजतो: 'हे देशमाने. मागे बोललात ते खानावळीच्या ॲपबद्दल. मुलगी बारावीला होती.' मग आपण म्हणतो, "काय देशमाने, मुलीची बारावी कशी गेली?" देशमाने गहिवरतात. त्यांचा मणी त्यांना आपलं काहीतरी सांगतो, मग आपण गहिवरतो. मोबाइलवाल्यांच्या मेळाव्यात ओळखी वाढवायच्या म्हणून निघालेली ही वस्तू आता लग्नाच्या स्वागतसमारंभापासून दहाव्यापर्यंत सगळीकडे गेली होती. रेवती म्हणायची, दोन मणी एकमेकांशी बोलतात, मधली दोन माणसं तोंड हलवतात.

आणि ही वस्तू काढली होती उदयनेच. त्याने आणि फिरोज मुलाणीने. याच बोटभेटीच्या स्पर्धेत ती पहिली आली, मग एका मोठ्या कंपनीने घेतली. दोघांकडे बोटभेट तेवढी उरली. मराठीत मोबाइलची ॲप करणाऱ्यांचा दरवर्षी पुण्यात भरणारा मेळावा. फिरोज पडद्यामागचं बघायचा, उदय माईक. पोरं त्याला दादा म्हणायची.

रेवतीने चहा घेतला आणि मागे वळून न बघता बाजूने निघून गेली. त्या मुलींना ओशाळवाणं कशाला करायचं.

*

तिचं टेबल खिडकीजवळ होतं. टेबलावर लॅपटॉप, मागे फलक: 'उमट. मराठी कीबोर्ड.'

आता टाइप कोण करतं, हा प्रश्न तिला सकाळपासून सगळ्यांनी विचारून झाला होता. बरोबरच होतं. लोक फोनशी बोलतात. ॲपसुद्धा कोणी लिहीत नाही, यंत्राला सांगतात. सकाळी सांगितलं की जेवणापर्यंत तयार. त्यामुळे दुपारच्या स्पर्धेत, जिला इथे सगळे 'फड' म्हणत, परीक्षक कोड बघायचेच नाहीत. एकच विचारायचे: यंत्राला माहीत नाही असं तुम्हाला काय माहीत आहे? आणि ते इथे, समोर, खऱ्या माणसांवर दाखवा.

रेवतीला माहीत होती बोटं. मिरजेला सासऱ्यांची टायपिंगची इन्स्टिट्यूट होती, ती तिथे शिकायला आली आणि तिथलीच झाली. फोनचं शास्त्र ती पुढे एकटीच शिकली, कुकरच्या शिट्ट्या मोजत. उमट तिने केला तेव्हा तो नुसता कीबोर्ड होता. मग तिच्या लक्षात आलं की कुठलं अक्षर दाबलं यापेक्षा दोन अक्षरांमधली वेळ जास्त बोलते. प्रत्येकाच्या बोटांना स्वतःची चाल असते, सहीसारखी. माणूस दमला की चाल सबंध मंदावते. डोक्यात काही झिजायला लागलं, की तसं होत नाही. सोपे शब्द नेहमीसारखे झरझर येतात, आणि विशेषनामाच्या आधी बोट हवेत थांबतं. नातेवाइकांना काही जाणवण्याच्या वर्ष-दोन वर्षं आधी ते थांबतं. आणि जुनी वळणं वर येतात. नंतर शिकलेलं आधी जातं.

डॉक्टर किणीकर, मेंदूच्या डॉक्टर आणि यंदाच्या परीक्षक, सकाळच्या फेरीत तिच्या टेबलाशी बराच वेळ थांबल्या होत्या.

"कल्पना छान आहे, ताई. पण मला सगळ्या सरळ रेघा दाखवू नका. सरळ रेघ कोणीही काढतं. इतकी माणसं आहेत इथे, एक तरी घसरलेली दाखवा. नाव नको, गाव नको. नुसती रेघ."

ही एक रेघ दाखवली तर उमट राज्यभरच्या फोनांत जाणार होता, अशी अट एका फोन कंपनीने घातली होती. नाही तर त्याचं आयुष्य संपल्यातच जमा होतं.

मेळाव्याचा फोनवर एक गप्पांचा गट होता, त्यात सकाळपासून टाइप करणं चालू होतं. जुनी मंडळी वहिनींचा कीबोर्ड म्हणून उमटच वापरायची, त्यामुळे त्यांच्या मागच्या चालीची नोंद त्यांच्याच फोनात होती. बहुतेकांनी हसत परवानगी दिली होती: नाव न लावता आमच्या रेघा घ्या. त्या लॅपटॉपवर येत होत्या. सरळ, सरळ, थोडी हलकी, सरळ.

चहाचा कप ठेवताना तिने एक बघितली. जिना उतरल्यासारखी खाली येणारी.

पहिल्यांदा तिला आनंद झाला. हे तिला नंतर फार बोचलं, पण झाला. मग तिने त्या रेघेखालच्या चुका उघडल्या, कारण डॉक्टर विचारणार, कशी चूक. आणि तिथे वेलांट्या होत्या.

जुन्या मराठी टाइपरायटरवर ऱ्हस्व वेलांटी आधी मारायची, मग अक्षर. 'दिवस' लिहायचं तर आधी वेलांटी, मग द. फोनवर नेमकं उलट: आधी द, मग वेलांटी. उलट मारली तर आधाराला अक्षर नसलेली वेलांटी टिंबांच्या गोलावर लटकत राहते. समोर तशा वेलांट्यांची रांग होती. लटकलेली, पुसलेली, परत लटकलेली. दिवस. मिरज. फिरोज.

त्या सबंध सभागृहात टाइपरायटरवर शिकलेली माणसं दोनच होती. त्यातली एक सकाळपासून चहा पीत उभी होती, तिने काहीच टाइप केलं नव्हतं.

*

फिरोज रंगमंचाच्या मागे तारा गुंडाळत होता. तिला बघून म्हणाला, "वहिनी, तुमचा नंबर शेवटून दुसरा लावलाय. जेवण करून घ्या. मटकीची उसळ बरी आहे, बाकीचं बघू नका."

"फिरोजभाऊ, सूत्रसंचालन चालू असताना यांच्या कानात मणी बोलतो का तुम्ही बोलता?"

तार गुंडाळायची थांबली. "दोघं."

"तुम्ही काय बोलता?"

"पुढचं नाव. वेळ किती झाली."

"अजून?"

"हा किस्सा सांगून झालाय, हे सांगतो." तो तारेकडे बघत होता. "अलीकडे ऐकत नाही तो. म्हणजे ऐकतो, आणि तरी सांगतो."

"कधीपासून?"

"वहिनी, मला वाटत होतं तुम्हाला माहीत आहे. तुम्ही बोलत नाही म्हणून मी बोललो नाही."

"आत्ता त्यांची रेघ बघितली, खाली आलेली. तोपर्यंत मला वाटत होतं ते दमतात."

असं वाटायला घरात सोय होती. पूर्वी माणूस नाव विसरला की ओशाळायचा, जेवताना बायकोला सांगायचा, अगं त्या ह्याचं नाव काय ते, आणि दहा वेळा झालं की बायको म्हणायची, चला दाखवून येऊ. आता ओशाळायची वेळच येत नव्हती. भाजीवाल्यापासून मेव्हण्यापर्यंत सगळ्यांची नावं कानात तयार. विसरणं हा रोग कोणाच्या नजरेला पडेल अशी जागाच उदयने आणि फिरोजने मिळून बुजवून टाकली होती. आणि घरात तर मण्याचीही गरज नव्हती. तो तिला 'अगं' म्हणायचा, ती त्याला 'अहो'. लग्न झाल्यापासून दोघांनी एकमेकांचं नाव घ्यायचे प्रसंग हाताच्या बोटांवर.

"बाकी कोणाला कळलंय?" तिने विचारलं.

"जुन्यांना. म्हणजे कोणी म्हणत नाही तसं. सांभाळून घेतात. तो चुकला की टाळ्या वाजवतात." फिरोजने तार खाली ठेवली. "तुम्ही ती रेघ दाखवू नका, वहिनी. नाव नसलं तरी. पडद्यावर आली की तो त्यावर विनोद करणार, त्याची सवय तुम्हाला माहीत आहे. 'हे कोण बिचारं' म्हणणार. आणि खालचे जुने सगळे हसणार नाहीत. मग?"

"नाही दाखवत."

"आणि एक. आज मणी नाहीये त्याच्या कानात. म्हणजे मीही नाही."

गेल्या वर्षी एका स्पर्धकाने फडात उत्तरं मण्याकडून ऐकून दिली होती. त्यामुळे यंदा नियम होता: रंगमंचावर चढणाऱ्याने मणी काढून ठेवायचा. डॉक्टर सकाळी उद्घाटनात एवढंच म्हणाल्या होत्या, की माईकवरच्या माणसालाही हाच नियम हवा. आणि उदयने भर सभेत कानामागून मणी काढून उंच धरला होता. "घ्या. मी काढला हा, मीच उतरवतो." सभागृह डोक्यावर घेतलं होतं पोरांनी.

"तुम्ही का नाही अडवलंत?"

"काय सांगून अडवू?" फिरोज म्हणाला.

तेवढ्यात उदयच आला. नवा कुर्ता, हातात कार्डांचा गठ्ठा, चेहरा फुललेला. "अगं, जेवलीस का? उसळ खा, बाकीचं बघू नकोस." आणि तिथेच, फिरोजच्या खांद्यावर हात टाकून, "हे जेवण बघून मला मिरजेची आपली पहिली भेट आठवते. ते लग्न."

"कुठलं लग्न?" रेवती म्हणाली.

त्याने सांगितलं. पंगत, वऱ्हाड, नवरदेवाला आहेर म्हणून दिलेलं फोनचं कव्हर. ती हसली. फिरोजही हसला. तिघंही छान हसले.

*

फड रंगला. कार्डावरचं वाचायचं, एक कोटी करायची, स्पर्धकाला पाच मिनिटं द्यायची: एवढं उदय कशाच्याही मदतीविना झोपेत करू शकला असता. एक मुलगा आजीच्या गोळ्यांचं ॲप घेऊन आला होता, दोघी बहिणींनी शेळ्यांच्या आवाजावरून आजार ओळखायचं काहीतरी केलं होतं. उदयने माईकवर शेळीचा आवाज काढला, सभागृह पोट धरून हसलं. पडद्याआड उभ्या असलेल्या रेवतीलाही क्षणभर वाटलं, उमट चुकला असेल. आपलाच आहे, चुकू शकतो.

मग तो म्हणाला, "आता उमट," आणि ती प्रकाशात आली.

तिच्या बाजूने काही चुकलं नाही. चूक झाली ती प्रेमातून, तिसऱ्या रांगेतून. कोणीतरी ओरडलं, "दादा, असं नाही चालणार. नाव घ्या."

"नाव घ्या, नाव घ्या," सगळ्यांनी उचलून धरलं. लग्नात, मंगळागौरीला, सोसायटीच्या गणपतीत, जिथे नवरा-बायको एका व्यासपीठावर दिसतात तिथे मराठी माणसाला हे सुचतंच. उखाणा घ्या.

उदयने हात वर केला. सभा शांत झाली. यमक त्याच्या रक्तात होतं, क्षणात जुळलं.

"चार्जिंग संपतं, रेंज जाते, स्क्रीनला जातो तडा..."

वाहवा झाली.

हात तसाच वर राहिला. तोंड उघडं, पुढच्या शब्दाच्या आकारात. लोकांना वाटलं, ताणतोय. शिट्ट्या झाल्या.

"चार्जिंग संपतं," तो परत म्हणाला, "रेंज जाते, स्क्रीनला जातो तडा..."

आता टाळ्यांचा ठेका सुरू झाला. रेवती त्याच्याकडे बघत होती. तो तिच्याकडे बघत होता, अगदी तिच्या तोंडावर, जसं जिन्यात दिवा गेल्यावर आपण पुढच्या पायरीकडे बघतो. तिने ओठ हलवले नाहीत. का नाही हलवले, हे तिला सांगता आलं नसतं. बहुधा तिला बघायचं होतं.

आणि मग तिने खाली बघितलं. नवी पोरं ठेका धरून हसत होती. जुनी मंडळी, पहिल्या दोन रांगांतली, कोणी फोनकडे बघत होतं, कोणी बुटांकडे. एकाने चष्मा पुसायला काढला होता. किती जण. फिरोज म्हणाला होता 'जुन्यांना', तिला वाटलं होतं चार-पाच असतील.

तिसऱ्यांदा 'चार्जिंग संपतं' सुरू झालं तेव्हा त्यांच्यातल्याच कोणीतरी, खेळ म्हणून, मोठ्याने म्हटलं, "रेवतीवहिनी." लगेच दुसऱ्याने. मग सगळ्या सभागृहाने. "रेवती, रेवती."

"रेवतीच्या जिवावर चालतो माझ्या संसाराचा गाडा," उदय म्हणाला.

छप्पर उडेल अशा टाळ्या पडल्या. तो हसत होता, आणि तिच्याकडे ज्या नजरेने बघत होता ती तिने कधी पाहिली नव्हती. देवळाबाहेर हरवलेली चप्पल कोणा अनोळखी माणसाने पुढ्यात आणून ठेवावी, तशी उपकृत नजर. घाम मात्र कुर्त्याच्या गळ्याशी आला होता.

तिने पाच मिनिटं बोलून घेतली. बोटांची चाल, हवेत थांबणारं बोट, नंतर शिकलेलं आधी जातं ते. पडद्यावर सरळ रेघा दाखवल्या. खाली येणारी एक रेघ पुढच्या चित्रात होती. तिने ते चित्र ओलांडलं आणि 'धन्यवाद' लावलं.

डॉक्टर किणीकरांनी पेन खाली ठेवलं. "एकही घसरलेली नाही? इतक्या माणसांत?"

"नाही."

"सकाळी तुम्ही म्हणालात, जुन्यांच्या बऱ्याच नोंदी आहेत."

"आहेत. सगळ्या सरळ आहेत."

"म्हणजे सगळे ठणठणीत." डॉक्टर थोड्या हसल्या, वाईट मनाने नाही. "मग ताई, हे चालतं याचा पुरावा काय?"

"नाही पुरावा."

"मग हा एक चांगला कीबोर्ड आहे."

सभागृहात सौम्य हशा झाला. संपलं होतं. आता उदयने 'जोरदार टाळ्या' म्हणायचं आणि पुढचं कार्ड काढायचं. विंगेतून फिरोज हाताने गोल करून दाखवत होता, आवर.

उदयने कार्ड काढलं नाही. माईक दोन्ही हातांत धरून तो तिच्याकडे बघत राहिला.

"डॉक्टर," तो म्हणाला, "ही खोटं बोलतेय."

कोणीतरी हसलं. त्यांना वाटलं, आला विनोद.

"खोटं बोलताना ही उजव्या कानातली कुडी फिरवते. आत्ता बघा. आमच्या लग्नाआधीपासून. हे मला आठवतं."

रेवतीने हात खाली घेतला.

"उदय, वेळ झाली," फिरोज विंगेतून म्हणाला. मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"थांब रे. तू किती वर्षं माझ्या कानात बोलतोयस, आज मला बोलू दे." तो समोर वळला. आवाज सूत्रसंचालकाचा नव्हता, घरातला होता, जेवताना मीठ मागावं तसा. "आधीचं चित्र लाव गं. हिने पुढे ढकललं ते. त्यात एक रेघ आहे. मला दाखवली नाहीये हिने, पण ती कोणाची असणार ते मला कळतं. रोज लिहिताना वेलांटी लटकते माझी, मी बघतो की. पुसतो आणि परत लिहितो."

पहिल्या रांगेतून कोणीतरी घाईघाईने टाळ्या वाजवायला सुरुवात केली. दोघांनी साथ दिली.

"नको," उदय म्हणाला. "टाळ्या नकोत. मला कळतं तुम्ही केव्हा वाजवता ते."

टाळ्या थांबल्या. रेवती त्याच्या दिशेने दोन पावलं गेली आणि उभी राहिली, कारण त्याने हाताने तिला थांबवलं होतं.

"मघाशी मी उखाणा लांबवत नव्हतो," तो म्हणाला. "मला हिचं नाव येत नव्हतं."